डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास

परवा गोंदियाहून मामेभावाचा फोन. मिलच्या ऑफिसातला कॉम्प्युटर रखडतोय. प्रोसेसर स्वस्तातला, मदरबोर्डही स्वस्तातला, बायोसमध्ये क्लॉकला हात लावायची सोयच नाही. "दादा, तरी काही जुगाड?"

जुगाड असतो हो. मी केला होता, त्याच मिलमध्ये. म्हणूनच या शनिवारी हा विषय.

तर झालं असं की २००७ च्या डिसेंबरात मामांच्या राईस मिलमध्ये पेंटियम ई२१६० घेतला होता. २०० मेगाहर्ट्झची बस गुणिले ९, म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ. गुणक वर न्यायला कुलूप, आणि बायोसमध्ये बस बदलायला जागा नाही. पण बोर्डाला २६६ ची बस चालत होती. आता, कुठली बस हवी हे प्रोसेसरच बोर्डाला सांगतो, पोटावरच्या सोनेरी ठिपक्यांमधून. त्यातले नेमके दोन शेजारी वीजवाहक रंगाने जोडले, की बोर्ड फसतो. २६६ गुणिले ९, २.४ गिगाहर्ट्झ! महागड्या कोअर २ ड्युओ ई६६०० चा वेग (कॅश मात्र त्याच्या चौथाई). रात्रभर प्राईम९५ चालवलं, एकही चूक नाही. आपली कॉलर ताठ!

मग आला मे.

गोंदियाचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. बाहेर पारा ४५ ला टेकलेला. उन्हाळी धानाची आवक सुरू, हवेत कोंडा, आणि तो कोंडा हीटसिंकच्या पात्यांत गच्च. त्यात तेव्हाचं लोडशेडिंग. लाइट गेली की कूलर बंद, पण कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालूच! म्हणजे खोली सगळ्यात जास्त तापलेली असताना आमचा पठ्ठ्या पळतोय. अशाच एका दुपारी हिशेबाची फाइल सेव्ह होता होता मशीन गोठलं. फाइल गेली. बॅकअप पंधरा दिवसांपूर्वीचा. कोणाचे किती पोते आले, कोणाला किती देणं, सगळं मुनीमजींच्या कच्च्या वहीवरून पुन्हा भरलं. दारात शेतकरी पैशासाठी उभे, आणि मी मान खाली घालून टाइप करतोय.

मामा एवढंच म्हणाले, "बाबू, तुझ्या मशीनपेक्षा मुनीमजी बरे. उन्हात चुकत नाहीत."

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. "कंपनी मुद्दाम वेग कमी लिहिते, उरलेला फुकटात घ्या" हे अर्धंच खरं. व्होल्टेज तेच ठेवून वेग एक तृतीयांश वाढवला, की कामात पेटणारी उष्णताही साधारण तेवढीच वाढते. हवा थंड असेल तर पंखा ती बाहेर फेकतो, पण पंख्याची हवाच तापलेली असेल तर तो तरी काय करणार? तुम्ही म्हणाल, प्रोसेसर फार तापला तर आपोआप मंदावतो ना? मंदावतो, पण ती मर्यादा छापील वेगासाठी ठरवलेली. वाढवलेल्या वेगावर बेरीज त्याच्या आधीच चुकू शकते.

म्हणजे ज्याला आपण फुकटचा माल समजतो, ती कंपनीने गोंदियाच्या मे महिन्यासाठी, कोंड्यासाठी आणि बंद कूलरसाठी राखलेली शिल्लक असते. पुण्यात बसून ती खर्च करणं सोपं. आमच्याकडे तिचा मालक उन्हाळा आहे. आताचे प्रोसेसर तर गारवा असेल तोवर स्वतःच वेग वाढवतात आणि तापले की उतरवतात. जुगाड कारखान्यातच झालाय म्हणा ना.

ओव्हरक्लॉकिंग करू नका असं मी म्हणत नाही. बस, गुणक, उष्णता हे सगळं मी त्या कंजूष बोर्डावरच शिकलो. पण स्वतःच्या मशीनवर करा, दुसऱ्याच्या हिशेबावर नको.

भावाला विचारलं, "रखडतंय नेमकं कशात?" तर रॅम ४ जीबी, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क! म्हटलं, आधी ब्रशने कोंडा काढ, एसएसडी टाक, रॅम दुप्पट कर. बॅकअप रोज. एवढं करूनही खाज उरलीच, तर नवतपात भर दुपारी कूलर बंद करून टेस्ट चालव. पास झालं तर मला फोन कर.

असो. अजून फोन आलेला नाही.