गिऱ्हाइकांची रांग तेव्हा कुठे होती?

जमीनजुमल्यातल्या गुंतवणुकीवर सल्ले देणाऱ्या एका तज्ज्ञांनी नुकतीच हिवरे बाजार या गावाची शिकवणी घेतली. त्यांचं म्हणणं असं: गावातली जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हा नियम शेतकऱ्याच्याच मुळावर येतो. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. बँक तारणाला नाक मुरडते. घरात मोठं आजारपण आलं तर दवाखान्याचं बिल भागवायला हातात रोकड नाही. वाचणाऱ्याला वाटावं, इथे लोक सातबारा उशाशी घेऊन उपाशी झोपतात.

बँकेचं आधी उरकतो. पीककर्ज पिकावर आणि क्षेत्रावर ठरतं, फार्महाउसवाल्याने सांगितलेल्या भावावर नाही.

माझा खरा राग आहे तो या भावाच्या हिशेबावर. इथे पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, तोही मनात आलं तर. १९७२ च्या दुष्काळानंतर माणसं पोटामागे बाहेर पडली, गावात दारू मुरली आणि इथली बदली सरकारी नोकराला शिक्षा वाटू लागली. त्या काळात इथली जमीन विकायला गावाची कसली आडकाठी नव्हती. मग आली होती का गिऱ्हाइकांची रांग? भाव आला तो १९९० नंतर. पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने श्रमदान केलं, डोंगरउतारावर चर खोदले, नाल्यांवर बांध घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. एकाच्या रानात मुरलेलं पाणी दुसऱ्याच्या विहिरीत निघतं. म्हणजे भाव सगळ्यांनी मिळून वाढवला, आणि तज्ज्ञांच्या मते तो एकट्याने खिशात घालून मोकळं व्हावं!

वर, घेणारा इथे येऊन काय करणार? शेतीला बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची, हे इथले नियम. इथला माणूस ते पाळतो, कारण संध्याकाळी त्याला त्याच पारावर चार जणांत बसायचं असतं. शनिवारी गाडी घेऊन येणाऱ्याला पाराची कसली भीती? तो बोअर मारील, हिरवळ लावील, जमल्यास पोहायचा हौद बांधील. त्याच्या व्यवहारात शेजारची विहीरही विकली जाते, फक्त तिचे पैसे शेजाऱ्याला मिळत नाहीत. हा तोटा तज्ज्ञांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहितात, ते विचारायचं राहिलंच.

गावाने नशाबंदी केली तेव्हाही व्यक्तिस्वातंत्र्याचे असेच कैवारी निघाले होते. नवऱ्याच्या दारूचा हिशेब बायकांना विचारायला मात्र त्यांच्यातलं कुणी गेलं नाही. गावाने लग्नाआधी एचआयव्ही तपासणीची सक्ती केली तेव्हाही ओरड झाली. त्या सक्तीबद्दल माझ्याही मनात शंका आहेत. पण तब्येत आणि मिळकत एकाच घरात नांदतात, हे गावाला कळलं होतं. हप्त्यांवर तीन फ्लॅट घेऊन रक्तदाबाची गोळी गिळणाऱ्यांना ते अजून कळायचंय.

आजारपणाचा मुद्दा तेवढा खरा आहे. पण अडलेल्याला भाव देतो कोण? माणूस खाटेवर आणि दलाल दारात, अशा वेळी खुला बाजार किती खुला असतो, हे महाराष्ट्रातलं कुठलंही खेडं सांगेल. आणि बंदी बाहेरच्याला विकण्यावर आहे. गावातल्या गावात नाही.

माझी बाजू काही फार लांबलचक नाही. १९९५ साली या गावात १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ती ३ वर आली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध चार हजारांपर्यंत गेलं. दवाखान्याच्या वेळी उपयोगी पडतो तो हा दुधाचा पगार, कारण त्यासाठी रान मोडावं लागत नाही. बाहेर गेलेली कुटुंबंही परतली, ती काही प्लॉट पाडायला नव्हे.

तज्ज्ञांनी पुढच्या वेळी एकरी भाव छापताना शेजारच्या विहिरीची उन्हाळ्यातली पातळीही छापावी. दोन्ही आकडे शेजारीशेजारी आले, की पुढचं भांडण करायला मी तयार आहे.