फसलेल्याला लोभी म्हणणे सोपे आहे

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपल्या घरोघरी लहानपणापासून कानी पडते. तरीही जग फसतेच. आणि कोणी फसला की आपण दुसरी म्हण काढतो, 'अति तेथे माती'. हाव केली, फळ भोगले, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. हा निकाल आम्हांस मान्य नाही. तो वस्तुस्थितीला धरून नाही. शिवाय तो ठकांच्या सोयीचा आहे.

२०१०-११ मधील 'स्पीक एशिया'चे उदाहरण घ्यावे. सिंगापूरच्या या कंपनीकडे ११ हजार रुपये भरले की संगणकावर आठवड्याला दोन प्रश्नावल्या भरावयास मिळत आणि प्रत्येकीचे ५०० रुपये खात्यावर जमा होत. अकरा आठवड्यांत मुद्दल वसूल, वर्षाअखेर ५२ हजार. नवा सभासद आणला तर त्याचे निराळे. २०११ मध्ये पैसे मिळणे थांबले आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला, तेव्हा सभासदांची संख्या सुमारे २४ लाख सांगितली जात होती.

आता या योजनेची रचना पाहावी. तिने 'फुकट घ्या' असे म्हटले नाही, 'काम करा' असे म्हटले. दुपारी मोकळा वेळ असलेली गृहिणी, निवृत्त कारकून, महाविद्यालयात जाणारा मुलगा या सर्वांना घरबसल्या मेहनतीचा मोबदला मिळत असल्याचे समाधान तिने दिले. फुकटचे नको, असे संस्कार ज्या घरांत झाले, त्याच घरांत शिरण्यासाठी ही युक्ती होती. या प्रश्नावल्यांची उत्तरे विकत कोण घेतो, हा एकच प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

कोणी म्हणेल, हे अज्ञान झाले. तर मग 'गेनबिटकॉइन' पाहावे. एक बिटकॉइन द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा घ्या, असे तिचे आश्वासन होते. सूत्रधार म्हणून आरोप असलेल्या अमित भारद्वाज यास पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. बिटकॉइन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक होते, तेच येथे आधी अडकले. उलट टोक दादरचे. 'टोरेस' नावाच्या झगमगीत दुकानाने खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला सहा टक्के आणि त्याहूनही अधिक परतावा देऊ केला होता. आठवड्याचे सहा टक्के व्याज मुद्दलात मिळवीत गेल्यास लाखाचे वर्षात वीस लाखांवर होतात. जानेवारी २०२५ मध्ये ते दुकान बंद पडले, तेव्हा दारात जमलेल्या गर्दीत भाजी विकणारेही होते. अभियंता फसतो आणि भाजीवालाही फसतो, तेव्हा शिक्षणाच्या नावाने बोट मोडण्यात अर्थ उरत नाही.

राहिला लोभ. तो असतोच, कोणात नसतो? परंतु जे सर्वांत सारखेच असते, ते कारण म्हणून सांगून काय उलगडते? उन्हाळ्यात डोंगरावरचे गवत सगळीकडेच वाळलेले असते. आग लागली तर काडी कोणी टाकली, हे विचारावेच लागते.

आमच्या मते ती काडी बहुधा ओळखीच्या हातात असते. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आयुष्याची पुंजी देणारे विरळा. ती दिली जाते मेहुण्याच्या, शेजाऱ्याच्या, जुन्या सहकाऱ्याच्या शब्दावर. आणि येथे हा विषय आपल्या दारात येतो. १९६१ नंतर बंदर, जहाजबांधणी, रेल्वे आणि पुढे १९७३ पासून झुआरीनगरचा खत कारखाना यांच्या निमित्ताने आपली कुटुंबे सावंतवाडी, मालवण, कोल्हापूर, बेळगावकडून वास्कोत आली. रक्ताचे नातलग दूर राहिले. त्यांची उणीव शेजाराने, मंडळाने, गणेशोत्सवाने आणि भिशीने भरून काढली. भिशीत पैसा फिरतो, वाढत नाही. कोणी व्याजाचे वचन देत नाही आणि प्रत्येक जण प्रत्येकाचे घर ओळखतो. म्हणून ती टिकली. ठक नेमकी हीच पत उसनी घेतो. भिशीच्याच बायका, मंडळाचेच सभागृह, तोच चहा. बदलते एवढेच की जमलेला पैसा गावाबाहेर जातो.

तो येतोही वेळ साधून. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती पडते तेव्हा. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबून डिचोलीतील ट्रक दारात उभे राहिले तेव्हा. मोपा विमानतळाच्या परिसरात, पेडण्यात, जमिनीचा पैसा आला तेव्हा. ज्याच्याकडे रोकड आहे आणि पुढील उत्पन्नाची खात्री नाही, तो हावेपेक्षा भीतीने अधिक पछाडलेला असतो. त्यातच २०२० मध्ये म्हापसा अर्बन आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बन या सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने रद्द केले. 'पैसा बँकेत ठेवा' हा वडीलधाऱ्यांचा सल्लाही त्यामुळे पूर्वीसारखा निर्धास्तपणे देता येईना.

पहिला हप्ता मात्र खरोखर मिळतो, आणि तोच घात करतो. १९२० मध्ये बॉस्टनला पाँझी नावाच्या गृहस्थाने ४५ दिवसांत पन्नास टक्के नफा देऊ केला, तेव्हाही नव्याच्या पैशातून जुन्याला देणे, हीच रीत होती. साखळीचे गणित शाळकरी मुलासही सुटेल. एकाने दहा आणावेत, त्या प्रत्येकाने आणखी दहा, तर सातव्या पायरीवर एक कोटी माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. साखळी तुटणे हा अपघात नव्हे. ती तुटणारच असते.

मग तक्रार का होत नाही? शासकीय सेवेत असताना असे गाऱ्हाणे घेऊन आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. रकमेचा आकडा सांगण्याआधी त्यांची एक विनंती असे: घरी कळू देऊ नका. लोभी ठरण्याची ही धास्ती त्यांना आपणच, आपल्या म्हणींनी घातलेली आहे. ठकाला यापरते संरक्षण कोणते हवे? आज व्हॉट्सॲपवरील शेअरबाजाराच्या गटांतून पैसा काही तासांत दहा खात्यांत पांगतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले, तर तो वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. आठ दिवस लाजेत काढले, तर ती संपते.

आमचा राग आणखी एका व्यक्तीवर आहे: जो दलाली घेऊन नातलगांना आत ओढतो आणि पुढे 'मीही बुडालो' म्हणून सहानुभूती गोळा करतो. १९७८ च्या कायद्याने अशा पैसाफिरव्या योजनांत सभासद नोंदविणे हाही गुन्हा ठरविला आहे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात अशा ठेवी मागणाऱ्यास एक ते पाच वर्षे कैद सांगितली आहे. कायदा त्याला भाबडा मानीत नाही. आपण का मानावे? लग्नसमारंभात त्याला पुढच्या खुर्चीवर बसवावयाचे आणि ज्याचे पैसे गेले त्याच्या मागे कुजबुजावयाचे, ही आपली न्यायबुद्धी उलटी आहे.

म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींचे आहे. पहिली, आपल्या कोणत्याही मंडळाने पैसे वाढवून देणाऱ्या योजनेस सभागृह देऊ नये, मग ती मांडणारा आपला कितीही जुना सभासद असो. नफा कोठून येतो, नोंदणी कोणत्या नियामकाकडे आहे आणि मी आणखी माणसे का आणावीत, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे त्याच्याकडे मागावीत. दुसरी, फसलेल्या माणसाला घरात आणि मंडळात बोलू द्यावे. त्याने चूक केली असेल. पण त्याने विश्वास ठेवला तो आपल्यापैकीच कोणावर तरी. तो विश्वास या गावात आपण साठ वर्षे खपून उभा केला आहे. पैसा पुन्हा मिळविता येतो. शेजाऱ्याचा शब्द एकदा खोटा ठरला, की परक्या मातीत उभारलेल्या या घरांना आधार कशाचा उरेल?