चौपन्न नावांचा हिशेब

दरसाल १६ डिसेंबरला १९७१ च्या विजयाचे स्मरण देशभर केले जाते, आणि ते व्हावयासच पाहिजे. ढाक्यातील त्या शरणागतीनंतर सुमारे ९३ हजार कैदी भारताच्या ताब्यात आले. १९७४ पर्यंत ते सारे सुखरूप स्वगृही पोहोचले. जिनिव्हाच्या संकेतांचा मान आपण राखला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु त्याच युद्धात शत्रूच्या हाती लागलेल्या आपल्या प्रत्येक माणसाचा हिशेब आपण मागून घेतला काय, या प्रश्नाचे उत्तर विजयदिनाच्या भाषणांत सापडत नाही.

१ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सरहद्दीवरून आपले सहाशेंवर कैदी परतले. रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटलेले आणि अफगाण सरहद्दीपाशी पुन्हा पकडले गेलेले वैमानिक दिलीप परुळकर त्यांत होते. काही घरी मात्र कोणीच आले नाही. १९७९ साली सरकारने लोकसभेत अशा चाळीस जणांची नावे सांगितली. १९६५ व १९७१ च्या युद्धांतील बेपत्ता सैनिकांची म्हणून जी यादी पुढे सर्वतोमुखी झाली, तीत नावे आहेत चौपन्न. २०१९ साली संसदेत जो आकडा देण्यात आला, तो तर त्र्याऐंशी! हे सर्व लोक पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे ‘समजले जाते’, एवढेच सरकार म्हणते. आणि आमच्याकडे असे कोणी नाही, हे पाकिस्तानचे ठरलेले उत्तर.

ही केवळ नातलगांची भाबडी आशा आहे, असे म्हणणाऱ्यांनी थोडे कागद पाहावेत. ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’च्या ५ डिसेंबर १९७१ च्या अंकात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी होती व त्यांतील एकाचे नाव ‘टोंबे’ असे छापले होते. आपल्या हवाई दलातून फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे बेपत्ता झाले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांचे पुढील सारे आयुष्य या एका शोधात गेले. मेजर अशोक सुरी यांची नोंद ‘रणांगणी मृत्यू’ अशी झाली होती. परंतु युद्ध संपून तीन वर्षे लोटल्यावर त्यांच्या वडिलांच्या हाती मुलाचे पत्र पडले. अक्षर त्यांचेच असल्याची खात्री पटल्यावर ‘मृत’ची नोंद ‘बेपत्ता’ अशी बदलण्यात आली. वर्गाची हजेरी घेणाऱ्या मास्तरासदेखील ‘गैरहजर’ आणि ‘नाव कमी केले’ यांतील फरक ठाऊक असतो. तो फरक सरकारी दप्तराने एकदा मान्य केला, मग त्यापुढे काय झाले?

पुढे नातलगांची मंडळे दोनदा पाकिस्तानातील तुरुंग पाहून आली, १९८३ मध्ये आणि २००७ मध्ये. दोन्ही वेळा ती रिकाम्या हातांनी परतली. तेवढ्यावरून प्रकरण मिटले, असे मानणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. बेपत्ता लोक आज हयात आहेत, असा आमचा दावा नाही. तेव्हा तिशीत असलेले अधिकारी आज ऐंशीच्या पुढे असते. खोटी आशा दाखविणे हाही एक प्रकारचा छळच होय. परंतु जिवंत नसतील तर ते केव्हा, कोठे व कसे गेले, हे जाणण्याचा हक्क नातलगांस आहे. ९३ हजार कैद्यांच्या रूपाने हुकमाचे पान हाती होते, तेव्हाच नावनिशीवार खुलासा घ्यावयास हवा होता. तो घेतला गेला नाही, हा त्या वेळच्या मुत्सद्देगिरीचा दोष आहे, आणि विजयाच्या तेजाने तो झाकला जात नाही.

पाकिस्तान आज काही सांगेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मात्र ज्यासाठी त्याच्या संमतीची गरज नाही, असे पुष्कळ काही आपल्या हाती आहे. यादीतील प्रत्येक नाव कोणत्या पुराव्यावरून आले, कोणाची नोंद केव्हा व का बदलली, ही कागदपत्रे निदान नातलगांपुढे तरी उघडी करावीत. पन्नास वर्षांनंतर त्यांत कसले गुपित उरले आहे? अमेरिकेत या कामासाठी संरक्षण खात्याचे स्वतंत्र कार्यालय आहे. व्हिएतनाम, कोरिया, एवढेच काय, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांचेही अवशेष शोधून ते घरोघरी पोहोचविले जातात. त्यामागे त्यांचे राजकारणही असेल. पण काम होते, हे खरे. ओळख पटविण्यासाठी तेथे डीएनए चाचणीचा आधार घेतात आणि त्याकरिता रक्ताच्या नात्यातील माणसांचे नमुने आधीच जपून ठेवतात. आपल्याकडे या बेपत्तांचे आईवडील बहुतेक निवर्तले, भाऊबहिणी वार्धक्यास पोहोचल्या. उद्या वाळवंटात एखाद्या विमानाचा सांगाडा सापडला, तर त्याजवळची हाडे कोणाची हे ठरविण्यास ताडून पाहावयाचा नमुना तरी हाताशी हवा. तो गोळा करण्यास ना करार लागतो, ना वाटाघाटी. संरक्षण मंत्रालयाने या कुटुंबांना पत्रे पाठवून हे काम याच वर्षी सुरू करावे.