वकील लावला म्हणून डोळे मिटायचे?

कोर्टाचे शब्द सामान्य माणसाने शिकून घ्यावेत, असं कुणी म्हटलं की एक उत्तर हमखास येतं. "ते वकिलाचं काम. ताप आला म्हणून आपण काय डॉक्टरकीची पुस्तकं वाचत बसतो?"

यातलं निम्मं मला मान्य आहे. कोणता अर्ज करायचा, कोणता निवाडा दाखवायचा, हे वकिलानेच ठरवावं. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात माणसाला महागात पडणारे शब्द कोर्टात भेटतच नाहीत. ते त्याआधी एचआरच्या केबिनमध्ये, पोस्टाने आलेल्या पाकिटात किंवा पोलीस ठाण्याच्या पायरीवर भेटतात, आणि तिथे वकील शेजारी उभा नसतो.

नोकरीवरून कमी करताना कामगारापुढे एक कागद सरकवला जातो. "राजीनाम्यावर सही कर, फुल अँड फायनल लगेच खात्यात टाकतो." आता, सलग सेवेचं वर्ष भरलेल्या कामगाराची कपात करायची, तर कायद्याने त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण राजीनामा दिला की कपात झालीच नाही, माणूस आपणहून गेला. सही दबावाखाली घेतली हे पुढे सिद्ध करायचं ओझंही त्याच्याच डोक्यावर. महिनाभराने वकील गाठला तरी तो करणार काय? ती सही घेऊनच त्याला लढावं लागतं.

दुसरा पक्ष भाषाप्रेमींचा. कोर्टाचा कारभार सोप्या मराठीत आणा, सगळं आपोआप कळेल, असं ते म्हणतात. मराठी आणाच, जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी, हे तर 1998 सालीच ठरलं आहे. पण राजीनामा हा शब्द काय कठीण आहे? शाळकरी पोरालाही तो कळतो. न कळलेलं असतं ते त्या सहीनंतर काय बुडतं, हे.

उलट, ओळखीचा शब्दच जास्त चकवतो. हिंजवडीच्या आयटीवाल्यांत ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली. कारखान्याच्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे नोकरी शाबूत, काम तात्पुरतं बंद, आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. जनरल मोटर्सने 2020 च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादन थांबवलं, पुढच्या एप्रिलमध्ये कामगारांना ले-ऑफच्या नोटिसा दिल्या. कारखाना कायमचा बंद करणं, म्हणजे क्लोजर, ही त्याहून वेगळी गोष्ट. एवढ्या मोठ्या कारखान्याला त्यासाठी सरकारची परवानगी लागते. हा फरक ठाऊक नसलेला माणूस युनियनच्या गेट मीटिंगमध्ये नुसता टाळ्या वाजवतो.

मालकमंडळींनी हसू नये. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्याचा चेक परत येतो, समोरचा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो, हाही भिडेखातर थांबतो. कलम 138 भिडेखातर थांबत नाही. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, तेही उलटले की महिन्याभरात कोर्टात तक्रार. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण दिलं तर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. चेकची मुदत उरली असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो, एवढाच काय तो आधार.

अर्धवट ज्ञान घातक, हा तिसरा आक्षेप. व्हॉट्सअ‍ॅपवरचे वकील पाहिले की तो पटतोही. कलमांचे आकडे पाठ करणाऱ्यांची तर 1 जुलै 2024 ला पंचाईतच झाली. फसवणुकीची चारशेवीस भारतीय न्याय संहितेत 318 मध्ये गेली. पण अज्ञान काय कमी घातक आहे? अजामीनपात्र म्हणजे जामीन नाहीच, अशी घरच्यांची समजूत होते आणि "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाचं फावतं. खरा अर्थ इतकाच की जामीन हक्काने मिळत नाही, तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. तसंच जामीन मिळाला म्हणजे सुटका झाली असंही नाही. पुढची तारीख चुकवली की वॉरंट निघू शकतं.

मग शिकवायचं कुठे? औंध-मोरवाडीच्या आयटीआयमध्ये पोरांना मुलाखतीत कसं बसायचं ते शिकवतात. नोकरी जाताना कशावर सही करायची नाही, हे शिकवायला एक तास पुरेल. शब्द, त्याची मुदत आणि ती चुकली तर काय, बस.

"एवढं कळूनही वकिलाला पैसे कुठून आणणार?" हा प्रश्न उरतो, आणि तोही न कळलेल्या शब्दातूनच येतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर त्यात औद्योगिक कामगारही आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा नंबर 15100. कंपनीच्या गेटवर सेफ्टीच्या पाट्यांची रांग असते, तिथे हा एक आकडा रंगवायला कितीसा रंग लागेल?