चंडोल व काळवीट : माळरानाचे दोन रहिवासी

दख्खनच्या अवर्षणप्रवण भागातील माळरानावर तुरेवाला चंडोल व काळवीट ही दोन्ही दृष्टीस पडतात. शेतकऱ्याच्या लेखी पहिला निरुपद्रवी, तर दुसरा पिकाचा शत्रू. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दोहोंचा दर्जा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

चंडोल हा पॅसेरिफॉर्मिस गणातील, अलॉडिडी कुलातील गाणारा पक्षी होय. तो जमिनीवरच, गवताच्या ठोंबाच्या आडोशाला घरटे करतो व पिलांना किडे भरवितो. काळवीट सस्तन वर्गातील, समखुरी गणाचे. त्यास सर्रास हरीण म्हणतात. परंतु चितळ-सांबरांची भरीव शिंगे दरवर्षी गळतात, तर काळविटाची पोकळ शिंगे कायम राहतात. गाय, शेळी व मेंढी यांच्याच बोव्हिडी कुलात त्याची गणना होते. लाळ-खुरकतासारखा रोग काळविटासही होतो. म्हणून गुरांना वेळेवर लस टोचून घेणे उभयतांच्या हिताचे आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत दोन्ही प्राणी आज सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहेत. काळवीट २००३ साली संकटाच्या उंबरठ्यावर गणले गेले होते; २०१७ साली त्याची नोंद या गटात झाली. याचा अर्थ त्याची शिकार करण्यास मोकळीक मिळाली, असा कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे व त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. चंडोल पकडणे वा पिंजऱ्यात ठेवणे हेही कायद्याने मना आहे.

तथापि केवळ कायद्याने काम भागणार नाही. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे दोन चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. इतक्या जागेत कळप कोंडून राहणे शक्य नाही. ते लगतच्या शेतात उतरणारच. ही झळ एकट्या शेतकऱ्याने सोसावी, हे न्यायाचे नाही. नुकसान होताच वनखात्यास कळविणे व पंचनामा करून घेणे, यात कार्यकर्त्याने त्यास साहाय्य करावे.

गावच्या माळास 'पडीक' म्हणून नांगरून काढणे किंवा त्यावर दाट झाडे लावणे, ही मात्र चूक ठरेल. झाडोरा दाटला की चंडोलाची घरट्याची जागा जाते आणि काळविटाचे चरण्याचे रान आटून ते पिकाकडे वळते. गवत राखले, आळीपाळीने चराई ठेवली, तर गुरांना वैरण मिळते व या दोघांनाही थारा राहतो. माळाचे गवत राखणे हे गावाच्याच हिताचे आहे.