हक्काची वेळ

सकाळी चिमुकल्यांसाठी ‘किउ’, रात्री ‘पोबोल अ कुम’ ही मालिका, रविवारी प्रार्थनागीतं. वेल्श वाहिनी ‘एस-फोर-सी’चं हे वेळापत्रक लढून मिळवलेलं आहे. पूर्वी वेल्श कार्यक्रम इंग्रजीच्या गर्दीत, बहुधा गैरसोयीच्या वेळी लागत. स्वतंत्र वाहिनीच्या आश्वासनावरून थॅचर सरकार फिरलं, तेव्हा १९८० मध्ये सत्तरीकडे झुकलेले वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनव्होर एव्हन्स यांनी आमरण उपोषण जाहीर केलं. उपोषण सुरू होण्याआधीच सरकार नमलं. १ नोव्हेंबर १९८२ला वाहिनी सुरू झाली. ‘पोबोल अ कुम’ तर त्याहून जुनी, १९७४ची! मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती सकाळची वेळ. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या पोरांशी टीव्ही तिथे वेल्शमध्ये बोलतो.