सातपुड्यातील शांतता

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की किनाऱ्यावरील दमट हवेला विटलेली कुटुंबे डोंगरातील निवांत विश्रामस्थळाचे बेत आखू लागतात. खोलीचे भाडे, भोजन, वाहन यांची कसून चौकशी होते; तेथे पाणी कोठून येते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील चांदनी हे सातपुड्यातील ठिकाण अशा विश्रांतीसाठी मनात भरावे असेच आहे. परंतु या टापूतील सालई आणि बांबू यांच्या भरवशावरच शेजारच्या नेपानगरात वृत्तपत्री कागदाची गिरणी उभी राहिली. पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये ती राष्ट्राला अर्पण केली आणि देशातील वृत्तपत्रांना स्वदेशी कागद लाभला. या जंगलाचे ऋण वृत्तपत्रांवर आहे, तसेच वाचकांवरही आहे.

उद्या येथे विश्रामगृहे उभी राहिली, तर याच जंगलावर नवा भार पडेल. स्थानिकांना रोजगार हवा, यात शंका नाही. पण गावची विहीर आटवून पाहुण्यांचे हौद भरणे हा काही रोजगार नव्हे. माथेरानात खासगी मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. तेथील शांतता ही निसर्गाइतकीच त्या निर्बंधाचीही देणगी आहे. तेव्हा चांदनीसारख्या ठिकाणी पाणी किती आणि पाहुणे किती, हा हिशेब शासनाने बांधकामाची परवानगी देण्यापूर्वीच मांडावा. प्रवाशांनीही पावसाळ्यानंतरचे दिवस निवडावेत, रेल्वेने जावे आणि खोली ठरविण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी.